उणे अडीचच्या अलीकडे आणि पलीकडे

गेल्या महिन्यात आमच्या मोएदोनमध्ये चहा चालू असताना दोघीजणी आपापला कागद घेऊन माझ्याजवळ आल्या. दोघींनीही कुपत होलिममधून हाडांची घनता मोजून घेतली होती, हिब्रूत जिला त्सफिफूत एत्सेम म्हणतात ती तपासणी. निवृत्त झाले तरी नर्सची सुटका नसते, त्यामुळे असे कागद माझ्या हातात नेहमीच येतात.

पहिली चौसष्ट वर्षांची. तिच्या खुब्याचा टी-स्कोअर उणे २.६. त्या कागदाने तिची झोप उडवली होती. सकाळचे फिरणे बंद, शूकमध्ये भाजी आणायला जाणे बंद, नातवाला उचलायला सुनेने मनाई केलेली. "माझी हाडं काचेची झालीत, ताई," ती म्हणाली. आजवर तिचे एकही हाड मोडलेले नाही, औषध म्हणाल तर फक्त रक्तदाबाची एक गोळी.

दुसरी शहात्तर वर्षांची. तिचा आकडा उणे १.९. ती खुशीत होती. "मला ऑस्टिओपोरोसिस नाही, डॉक्टरनेच सांगितलं. थोडं कमी आहे, पण वयाच्या मानाने चांगलं." मी सहज विचारत गेले. तीन वर्षांपूर्वी शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या आधी स्पोंजा करताना ओल्या लादीवर घसरून तिचे मनगट मोडले होते. मधुमेह वीस वर्षांचा. रात्री झोपेची गोळी. आणि आई? "आई अलिबागकडे आमच्या गावी पडली, मग उठलीच नाही. कमरेतून गेली."

मला विचाराल तर त्या टेबलावर काळजी चुकीच्या खुर्चीत बसली होती. पहिलीने घाबरण्याचे कारण नाही असे मी म्हणत नाही, तिनेही डॉक्टरांशी बोलायलाच हवे. पण पुढच्या दहा वर्षांत खुबा मोडण्याची भीती जास्त कोणाला, असे कोणी मला विचारले तर मी क्षणाचाही विचार न करता दुसरीकडे बोट दाखवीन. आणि नेमके तिलाच तिच्या कागदाने बिनघोर करून सोडले होते.

आपल्या समाजातल्या बायका या तपासणीचा आकडा परीक्षेच्या निकालासारखा वाचतात, पास किंवा नापास. डॉक्टरांपैकीही काहीजण घाईत तसाच वाचून दाखवतात. माझे मत असे की हा आकडा निकाल नव्हेच. ती एक साक्ष आहे, उपयोगी साक्ष, पण बाकीचे साक्षीदार बाहेर बाकावर बसलेले असताना एकाच साक्षीवर खटला निकाली काढावा तसे आपले चालले आहे.

आधी यंत्र काय मोजते ते पाहू. डेक्सा नावाच्या या यंत्रात आपण उताणे पडतो, वरून एक दांडा सरकतो, दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण हाडातून आणि मांसातून जातात, आणि त्यांतल्या फरकावरून हाडात खनिज किती ते काढले जाते. दुखत नाही, सुई नाही, किरणांचे प्रमाणही अगदी थोडे. बहुधा कमरेचे मणके आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग, म्हणजे खुबा, यांचे माप घेतात. मग तुमचे माप तरुण, निरोगी बायकांच्या सरासरीशी ताडून पाहतात. त्या सरासरीपासून तुम्ही किती पायऱ्या खाली आहात, तो टी-स्कोअर. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली गेले की ऑस्टिओपोरोसिस, हाडांची ठिसूळता.

ही रेघ १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या गटाने आखली. वेगवेगळ्या देशांत हा विकार किती पसरला आहे हे एकाच मापाने मोजता यावे, हा त्यामागचा मुख्य हेतू होता. समोर बसलेल्या एकट्या बाईला औषध द्यायचे की नाही ते ठरवायला ती रेघ मुळात आखलेली नव्हती. पुढे ती दवाखान्यात आली आणि तिथेच राहिली. हाडाला ती रेघ ठाऊक नसते. उणे २.४ आणि उणे २.६ यांत हाडाच्या दृष्टीने काहीच फरक नाही, आज मोजले तर एक आणि उद्या जरा वेगळे झोपवून मोजले तर दुसरे, इतका तो बारीक आहे. कागदावर मात्र एकीला रोग आणि दुसरीला नाही.

मग या मापाने मोड सांगता येतो की नाही? येतो, आणि चांगला येतो, पण समूहाचा. १९९६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तीन स्वीडिश संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. खुब्याची घनता एका पायरीने कमी झाली की खुबा मोडण्याचा धोका सुमारे अडीच पटींनी वाढतो, असे निघाले. रक्तदाबावरून पक्षाघाताचा अंदाज जितका बांधता येतो, तितका किंवा त्याहून जरा चांगला अंदाज घनतेवरून मोडाचा बांधता येतो. पण त्याच लेखात त्यांनी स्पष्ट म्हटले की यावरून कोणाचे हाड मोडेल ती नेमकी व्यक्ती ओळखता येत नाही. रक्तदाबाचेही तसेच नाही का? दाब वाढलेल्या सगळ्यांनाच झटका येत नाही आणि झटका आलेल्या सगळ्यांचाच दाब वाढलेला नसतो. रक्तदाबाच्या बाबतीत हे आपण समजून घेतो, हाडांच्या बाबतीत विसरतो.

२००४ साली अमेरिकेत सुमारे दीड लाख, पाळी गेलेल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षभरात ज्यांचे हाड मोडले, त्यांतल्या ८२ टक्के बायकांचा टी-स्कोअर उणे २.५ पेक्षा चांगला होता. या अभ्यासात टाच, बोट किंवा हात अशा ठिकाणी माप घेतले होते, म्हणून कोणी म्हणेल की खुब्याचे माप घेतले असते तर चित्र वेगळे दिसले असते. थोडे वेगळे दिसते, फार नाही. पासष्टीच्या पुढच्या अमेरिकन बायकांच्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात खुब्याचेच माप होते, आणि पाच वर्षांत ज्यांचा खुबा मोडला त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त बायका सुरुवातीला रेघेच्या वरच होत्या.

हे ऐकून लोक म्हणतात, मग तपासणी खोटीच. तसे नाही, हा साधा हिशेब आहे. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. १००० बायका, त्यांतल्या १०० रेघेच्या खाली, ९०० वर. खाली असलेल्या दर शंभरात १० जणींचे हाड मोडते, वर असलेल्या दर शंभरात फक्त ३ जणींचे. धोका खालच्यांना तिपटीहून जास्त. पण मोजा: खालच्या १०, वरच्या २७. धोका कमी असलेल्या बायका संख्येने इतक्या जास्त आहेत की बहुतेक मोड त्यांच्यातच होतात. ज्या वॉर्डात मी इतकी वर्षे काढली तिथे हे रोज दिसायचे. प्लास्टर घातलेल्या आजीचा जुना रिपोर्ट उघडावा तर "घनता कमी, ऑस्टिओपोरोसिस नाही."

मग रेघेच्या वरच्या या गर्दीतून धोक्यातली बाई ओळखायची कशी? तिच्याबद्दल आणखी थोडे विचारून.

सगळ्यांत मोठी गोष्ट वय. टी-स्कोअर अगदी एकच असला तरी पन्नाशीतल्या बाईपेक्षा ऐंशीतल्या बाईचा खुबा मोडण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो. हाडाचा आतला विणकाम बिघडलेला असतो, स्नायू गेलेले असतात, तोल गेलेला असतो, नजर गेलेली असते, आणि यांतले काहीच त्या यंत्राला दिसत नाही. (जाता जाता: आपल्यातल्या काही जुन्या बायकांचे तेउदत झेहूतवरचे वय हे आल्याच्या दिवशी कारकुनाने अंदाजाने लिहिलेले आहे. तुम्ही खऱ्या सत्तरीच्या की पंचाहत्तरीच्या, हे डॉक्टरला सांगा. इथे लाजण्याचे कारण नाही.)

दुसरी गोष्ट आधीचा मोड. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून प्रौढ वयात मनगट, खांदा, मणका, खुबा यांतले काहीही मोडले असेल तर पुढच्या मोडाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, घनता काहीही असो. इथे मला माझ्या घरचे सांगावेसे वाटते. माझ्या सासूबाई बसमधून उतरताना पडल्या आणि मनगट मोडले. एका इस्पितळात प्लास्टर घातले, सहा आठवड्यांनी काढले, "कोल हाकावोद सावता" म्हणून पाठवून दिले. हे मनगट का मोडले, असे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही, आणि मी त्याच धंद्यात होते. साडेतीन वर्षांनी बाथरूममध्ये खुबा मोडला. खुबा मोडलेल्या वयस्क बायकांपैकी साधारण पाचातली एक वर्षाच्या आत जाते. सासूबाई आठ महिने राहिल्या. मनगट मोडणे ही आपण "पडली होती ना, म्हणून मोडलं" या खात्यात टाकतो. तरुण बाई तशीच पडली तर तळहाताला खरचटते आणि ती उठून चालू लागते. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरात १९९० च्या दशकाच्या अखेरीस यावर एक साधी व्यवस्था उभी राहिली: पन्नाशीच्या पुढचे कोणीही मोडलेले हाड घेऊन आले की एक नर्स त्याची यादी ठेवते आणि हाडांची तपासणी करवून घेते. पुढे अनेक देशांनी ती उचलली. तुमच्या इस्पितळात अशी नर्स असेल तर उत्तम. नसेल तर ती नर्स तुमची मुलगी किंवा सून होऊ शकते.

मणक्याचे मोड तर आणखी चोरटे. तिघींपैकी दोघींना आपला मणका दबला आहे हे कळतही नाही, पाठ दुखली, बाम चोळला, झाले. पण उंची कमी होते. लग्नातल्या फोटोत नवऱ्याच्या कानाला लागणारी बाई आता त्याच्या खांद्याला लागत असेल, तर बघा. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त कमी झाली असेल तर पाठीचा साधा एक्स-रे काढून मागायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट आईवडील. दोघांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, हा प्रश्न प्रत्येक फॉर्मवर असतो. आणि इथे आपल्या बायका नकळत चुकीचे उत्तर देतात. आमच्या आईच्या वेळी कोकणातल्या गावात एक्स-रे कुठे होता? नवगाव, रेवदंडा, पेण, कुठलेही गाव घ्या. म्हातारी माणसे पडायची, पाय बाहेरच्या बाजूला वळून आखूड व्हायचा, हाडवैद्य येऊन बांबूच्या कामट्या बांधायचा, आणि ती बाजल्यावरून पुन्हा उठायची नाहीत. त्याला "खुबा मोडला" असे कोणी म्हटले नाही. "कमरेतून गेली", "पडली आणि अंथरूण धरलं", एवढेच. आता इथे हिब्रूत एखादी तरुण मुलगी विचारते, आईला यारेखचा शेवर झाला होता का? आणि बाई म्हणते, लो. त्या एका लोने तिचा धोका कागदावर कमी होतो. तुमच्या घरात कोणी कमरेतून गेले असेल तर ते तसेच्या तसे सांगा.

याशिवाय दमा किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेली स्टेरॉइडची गोळी, संधिवात म्हणजे खरा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, धूम्रपान, फार दारू, फार कमी वजन, फार लवकर गेलेली पाळी.

या सगळ्यांची गोळाबेरीज करायला इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठाने २००८ साली फ्रॅक्स नावाचे साधन काढले. वय, वजन, उंची आणि वरच्या प्रश्नांची उत्तरे भरायची, घनतेचा आकडा असेल तर तोही, आणि पुढच्या दहा वर्षांत मोडाची शक्यता टक्क्यांत येते. १२ टक्के आले तर अर्थ असा की तुमच्यासारख्या १०० बायकांपैकी १२ जणींचे मोठे हाड दहा वर्षांत मोडेल, ८८ जणींचे नाही. मला हे बोलणे उणे अमुकतमुकपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. आपल्या देशातच याची मोठी परीक्षा झाली आहे. क्लालितच्या संशोधकांनी दहा लाखांहून अधिक सभासदांच्या नोंदी घेऊन अशी तीन साधने पडताळली आणि २०१७ साली ते प्रसिद्ध केले. घनतेचा आकडा न घालता, केवळ नोंदींतल्या माहितीवरून, फ्रॅक्स आणि ब्रिटनचे क्यूफ्रॅक्चर ही दोन्ही साधने खुब्याचा मोड होणाऱ्यांना न होणाऱ्यांपासून बऱ्यापैकी वेगळे काढू शकली. म्हणजे यंत्रावर झोपण्याआधीच तुमच्या फाइलमध्ये बरेच काही लिहिलेले असते, कोणी वाचले तर.

फ्रॅक्सलाही डोळे पुरे नाहीत. तुम्ही गेल्या वर्षात किती वेळा पडलात हे ते विचारत नाही, मला हा त्याचा सर्वांत मोठा दोष वाटतो. मनगट एकदा मोडले की तीनदा, त्याला सारखेच. आणि प्रौढ वयातल्या मधुमेहासाठी त्याच्या मूळ फॉर्मवर खाना नाही. आपल्या घराघरात साखर किती आहे ते मी सांगायला नको. मधुमेही बाईची घनता पुष्कळदा चांगली येते, कधी इतरांपेक्षा जास्तही, पण तिचे हाड त्या आकड्याच्या मानाने लवकर मोडते. शिवाय साखर खाली जाऊन चक्कर, पायांना बधिरपणा, डोळ्यांना अंधुक. मधुमेही बाईने उणे १.९ ला इतरांपेक्षा जरा जास्त वाईट समजावे, असे मी म्हणते.

तुलना कोणाशी, हाही प्रश्न आहेच. खुब्याच्या टी-स्कोअरसाठी जगभर ज्या तरुण बायकांची सरासरी धरतात त्या अमेरिकेतल्या वीस ते एकोणतीस वर्षांच्या गोऱ्या मुली. आपली चणीने लहान, चार फूट अकरा इंचाची कोकणी मावशी त्यांच्या शेजारी उभी केली जाते. त्यातून हे यंत्र हाडाची लांबी-रुंदी पाहते, जाडी पाहत नाही, त्यामुळे लहान हाड मुळातच जरा विरळ असल्यासारखे दिसते. पहिल्या बाईच्या उणे २.६ मधला थोडा भाग तिच्या लहान बांध्याचा असू शकतो. उलट दिशेलाही यंत्र फसते. सत्तरीनंतर मणक्यांना झीज होऊन काठाला हाडाचे कंगोरे फुटतात, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीत चुना साठतो, यंत्र तेही हाड म्हणून मोजते, आणि मणक्याचा आकडा तरुण मुलीसारखा येतो. "माझी पाठ तर छान आहे" म्हणणाऱ्या आजीने खुब्याचा आकडा पाहावा.

आता कोणी म्हणेल, तुम्ही तपासणीच्या विरुद्ध आहात. मुळीच नाही. नेमक्या बाईला नेमक्या वेळी ती केली तर खुबे वाचतात. ब्रिटनमध्ये ७० ते ८५ वर्षांच्या बारा हजारांहून अधिक बायकांवर एक प्रयोग झाला, २०१८ साली लान्सेटमध्ये आला. आधी प्रश्नांवरून धोका काढला, जास्त निघाला तिचीच घनता मोजली, गरज पडली तर औषध दिले. पाच वर्षांत एकूण मोड कमी झाले नाहीत, हे कबूल करायला हवे, पण खुब्याचे मोड चौथाईहून अधिक कमी झाले. आणि रेघेच्या वरच्यांनाही औषधाचा उपयोग होतो. त्याच वर्षी न्यूझीलंडमधून पासष्टीपुढच्या २००० बायकांचा अभ्यास आला, सगळ्या उणे १ ते उणे २.५ च्या मधल्या. दीड वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनेट दिले, सहा वर्षांत मोड सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले. म्हणून "ऑस्टिओपोरोसिस नाही, औषध नाही" हे वाक्य मला मान्य नाही, आणि "उणे २.५ झाले, लगेच औषध" हेही नाही.

औषधांबद्दल एकच गोष्ट इथे सांगते, कारण तिच्यात मी माणसे फसलेली पाहिली आहेत. सहा महिन्यांतून एकदा पोटावर घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन ज्यांना चालू आहे त्यांनी ते मनाने बंद करू नये किंवा मुंबईला लग्नाला जायचे म्हणून पुढे ढकलू नये. त्याचा परिणाम ओसरला की हाड झपाट्याने झिजते आणि एकाच वेळी अनेक मणके दबू शकतात. थांबवायचे असेल तर त्याच्या जागी दुसरे औषध द्यावे लागते. गोळ्यांच्या जबड्याच्या आणि मांडीच्या दुष्परिणामांविषयी जे ऐकू येते ते खरे आहे पण क्वचित घडते. दात काढायचे असतील तर दातांच्या डॉक्टरला आधी सांगा.

दरवर्षी मोजावे का? पुष्कळजणी मला हे विचारतात. घनता इतकी हळू बदलते की वर्षभरातला फरक बहुधा मोजण्याच्या चुकीतच बुडतो, त्यातही यंत्र बदलले तर तुलनाच होत नाही. अमेरिकेत ६७ वर्षांपुढच्या जवळजवळ ५००० बायकांना वर्षानुवर्षे पाहिले. सुरुवातीला घनता चांगली किंवा जराशीच कमी असलेल्या गटात दहातल्या एकीला ऑस्टिओपोरोसिस व्हायला सुमारे सतरा वर्षे लागली, उणे १.५ ते उणे २ मध्ये असलेल्यांना सुमारे पाच, आणि उणे २ च्या खाली असलेल्यांना एकच वर्ष. जिला जास्त काळजी तिने लवकर, बाकीच्यांनी निवांत. तुमचा हक्क किती वर्षांनी आहे ते कुपाच्या कचेरीत विचारा, आणि शक्यतो त्याच केंद्रात जा.

खाण्याचे थोडे. आपल्या स्वयंपाकात मांसाबरोबर दूध नाही, म्हणून नारळाचे दूध. चवीला त्याच्यासारखे काही नाही, पण कॅल्शियम त्यात नसल्यासारखेच. दिवसभरात बेसारीच जेवणे झाली आणि हलावी फक्त चहातले चमचाभर दूध, तर पन्नाशीपुढच्या बाईला लागणारे १२०० मिलिग्रॅम कुठून येणार? नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि ती पार्वे आहे, दोन्ही जेवणांना चालते. भारतीय दुकानांत मिळते. काट्यासकट खाता येणारी छोटी मासळी, सालासकट तिळाची तेहिना हेही चांगले. उन्हाच्या देशात राहूनही बाह्या मनगटापर्यंत आणि पडदे ओढलेले असतात, तेव्हा ड जीवनसत्त्व रक्तात तपासून घ्या.

पण खरे सांगायचे तर मणके सोडले तर हाड आपोआप फार क्वचित मोडते. बाई पडते, मग हाड मोडते. म्हणून माझ्या मते यंत्राच्या खोलीइतकेच लक्ष घराच्या लादीवर हवे. स्पोंजा करायचाच असेल तर बाईने स्वतः करू नये, नातवाला लावावे, आणि लादी कोरडी होईपर्यंत सोफ्यावर बसावे. मागून उघडी रबरी चप्पल घरातून हद्दपार. बाथरूममध्ये भिंतीला धरायचा दांडा. पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रभर छोटा दिवा. झोपेची गोळी खरोखर हवी का, हे डॉक्टरला विचारा. मोतीबिंदू काढायचा राहिला असेल तर काढा. आणि सायरन. अश्दोद, बेरशेबा, अश्केलोनच्या बायकांना मी काय सांगू? काही सेकंदांत ममादमध्ये पोचायचे असते आणि अंधारात धावताना किती म्हाताऱ्या पडल्या ते त्यांनाच माहीत. ममादपर्यंतची वाट मोकळी ठेवा, गालिचा गुंडाळून वर टाका, आणि ज्यांचे चालणे अगदी मंद आहे त्यांनी तणावाच्या दिवसांत तिथेच झोपावे. घनतेच्या कुठल्याच कागदावर हे लिहिलेले नसते.

त्या दोघींचे काय झाले ते सांगते. दुसरीला मी एका कोऱ्या कागदावर चार ओळी हिब्रूत लिहून दिल्या: मनगट मोडले त्याचे वर्ष, मधुमेहाची वर्षे, झोपेच्या गोळीचे नाव, आणि "आई पडून अंथरुणाला खिळली, बहुधा खुबा." उंची मोजली तर तेउदत झेहूतच्या वेळच्या फोटोवरून वाटते त्यापेक्षा बरीच कमी. ती कागद घेऊन रोफे मिश्पाहाकडे गेली. त्याने पाठीचा एक्स-रे काढायला लावला. बारावा छातीचा मणका दबलेला निघाला, कधी दबला तिला आठवत नाही. आता औषधाचे बोलणे चालू आहे आणि झोपेची गोळी अर्ध्यावर आली आहे.

पहिलीच्या डॉक्टरने फ्रॅक्स काढला, आकडा तिला वाटला होता त्याहून खूपच कमी आला. गोळी सुरू करायची की दोन वर्षांनी पुन्हा मोजायचे, हे दोघांनी मिळून ठरवायचे आहे. परवा तिचा फोन आला. सकाळचे फिरणे पुन्हा सुरू केले आहे, नातवालाही उचलते, सुनेला आवडो न आवडो. विचारत होती, बूट कुठले घेऊ? मी म्हटले, टाच बंद असलेले, तळ पातळ आणि न घसरणारा, आणि संध्याकाळी घ्यायला जा, पाय तेव्हा सुजलेले असतात.